दारात हत्ती बांधायचा तर: जुनी सहा सिलिंडरची सेडान गावात कशी सांभाळावी

जुनी मोठी गाडी दारात उभी राहिली की पारावरचा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "ॲव्हरेज किती देते?" माझी २००८ची बीएमडब्ल्यू ५३०आय गावात सात-आठ आणि हायवेवर दहा-अकरा देते. हे ऐकलं की समोरचा मान हलवतो, मी लवकरच वावर विकणार हे मनाशी ठरवतो आणि माझाच चहा पितो. सात वर्षं झाली, वावर जागेवर आहे. पेट्रोलचा खर्च आधीच ठाऊक असतो. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीनं तेवढ्यावरून कोणी बुडत नाही. आमच्या दर्यापूर भागात असली गाडी मरते ती पाण्यानं. म्हणून बाकीचं भराभर उरकतो आणि पाण्यापाशी थांबतो.

मी सांगतोय ते ई६० पिढीच्या (२००३ ते २०१०) पेट्रोल सहा सिलिंडर गाडीबद्दल, ज्यात एन५२ इंजिन आहे. दुसरी गाडी असेल तर बहुतेक गोष्टी तशाच लागू होतील, पण पाणी भरायची रीत त्या गाडीची वेगळी शोधावी लागेल.

घेताना

गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बँकेत वेगळे ठेवता येत नसतील तर घेऊ नका. सकाळी थंड इंजिनावर स्टार्ट करून पाहा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा देऊ नका. कागदांत मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८, कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद करायला फॉर्म ३५. गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणीची फी आता ६०० नाही, ५,००० रुपये आहे, एप्रिल २०२२पासून. वर फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. एजंट "होऊन जाईन भाऊ" म्हणाला तरी आरसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

ठेवायची कुठं

धान्याच्या खोलीपासून लांब, एवढंच. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, बाजारातले फवारे सगळं करून पाहिलं. शेजारच्या खोलीत सोयाबीनची पोती असतील तर उंदीर कशालाच भीक घालत नाही आणि तिथून वायरिंगकडे वळतो. आता मी गाडी सिमेंटच्या ओट्यावर पत्र्याखाली, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला लावतो. काळ्या मातीवर उभी करायचा विचार सोडा, पावसाळ्यात चाकं बसतात आणि वीतभरही उंची नसलेली गाडी पोटावर टेकते.

बॅटरी डिक्कीत असते. आठ-दहा दिवसांवर गाडी उभी राहणार असेल तर चार्जर लावा, तोही बोनटखाली बॅटरीला जोडलेला पॉइंट असतो त्याला. नवी बॅटरी टाकली की गाडीच्या कॉम्प्युटरवर तिची नोंद करून घ्या. आमच्याकडचा बॅटरीवाला हे हसण्यावारी नेतो. मीही पहिल्या वेळी नेलं आणि बॅटरी वेळेआधी बसली.

ऑइल

या इंजिनाला डिपस्टिक नाही, ती शोधत बसू नका. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना स्क्रीनवर पातळी बघायची. बदलताना साडेसहा लिटर लागतं. दर ८,००० किलोमीटरला बदला. पुस्तकात जास्त लिहिलंय, पण ते पुस्तक मे महिन्यातल्या अकोल्यासाठी लिहिलेलं नाही.

पाणी

आता खरं काम. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. पण तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतताना आपला हात थरथरत नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एन५२चा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमचा, आतून ॲल्युमिनियमचा आहे आणि पाणी त्या आतल्या ॲल्युमिनियममधून फिरतं. खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो. ट्रकचं जुनं लोखंडी इंजिन हे सोसून घेतं, म्हणून आपले मिस्त्री बिनधास्त असतात.

माझं झालं ते असं. पहिल्याच उन्हाळ्यात मूर्तिजापूर रोडवर पिवळा दिवा लागला, मग लाल. धाब्यावरच्या पोरानं हापशीचं पाणी बादलीभर आणून दिलं. "टाका ना भाऊ, पानी तं पानीच राह्यते." मी टाकलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका गॅरेजात गेलो. तिथं सांगण्यात आलं की थर्मोस्टॅट (इंजिन तापेल तसं रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका, विदर्भात त्याचं काय काम? फॅनला डायरेक्ट स्विच लावा. आणि थेंब थेंब गळतंय तिथं हळद टाका. यातलं एकही करू नका. थर्मोस्टॅट या गाडीत कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो. काढला की इंजिन हवं तेव्हा तापत नाही आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी होते. हळदीनं रेडिएटरची भोकं बुजतात हे खरं, पण बुजायला नको तीही बुजतात.

आणखी एक शहाणपण कायम ऐकू येतं: "आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?" कूलंटचं आपल्याकडचं काम गंजापासून राखणं आणि पाण्याचा उकळबिंदू वर नेणं, हे आहे. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. गावातल्या आरओ प्लांटचा कॅन चालणार नाही, तिथं चवीसाठी क्षार पुन्हा ठेवलेले असू शकतात. बॅटरीत टाकतात ते पाणी घ्या. संपूर्ण बदलायचं तर दहा लिटरच्या आसपास मिश्रण लागतं, म्हणून पाच लिटर कूलंट आणि पाच लिटर पाणी आधी आणून ठेवा. रंगावर जाऊ नका. डब्यावर जी४८ (या गाडीला चालणाऱ्या कूलंटची जात) लिहिलंय का ते वाचा; निळा रंग कोणीही टाकतो. आतलं जुनं हिरवं किंवा लाल असेल तर त्यात नवं मिसळू नका, सगळं काढून डिस्टिल्डनंच धुवा.

पण पाणी चांगलं असून भागत नाही. माझी खरी फजिती झाली ती हवेवर. या इंजिनाचा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. जुन्या गाड्यांत झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं की बुडबुडे आपोआप निघतात, तसं इथं केलं तर पंप हवेतच फिरतो, इंजिनाच्या माथ्यात हवेची पोकळी राहते आणि टाकी भरलेली दिसूनही गाडी तापते. मी हे तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी पंपच गेला.

रीत अशी आहे, आणि ती याच क्रमानं करायची. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळी गाडी ठेवली तर सकाळी पाचला करा. झाकण गरम असताना उघडलं तर दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि झाकण लावा. बोनटखालच्या पॉइंटला बॅटरी चार्जर जोडा. हे सोडायचं नाही, कारण पुढची बारा मिनिटं पंप बॅटरीवरच चालणार आहे. आता इग्निशन ऑन करा, पण इंजिन स्टार्ट करू नका. हेडलाइट लावून ठेवा, नाहीतर इग्निशन मध्येच बंद होतं. हीटर दोन्ही बाजूंनी सर्वांत गरमवर, पंखा सर्वांत कमीवर. (मे महिन्यात गाडीत बसून हीटर लावणारा माणूस पाहून आमच्या बाबांनी आईला हाक मारली होती.) मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून दहा सेकंद धरा आणि सोडा. पंपाची घरघर सुरू होईल, कधी वाढेल, कधी मंदावेल, नळ्यांत गुडगुड ऐकू येईल. साधारण बारा मिनिटांनी तो आपोआप थांबतो. तोवर कशाला हात लावू नका.

थांबल्यावर झाकण उघडून पातळी बघा. ती खाली गेलेली असणारच. भरा आणि पुन्हा पहिल्यापासून करा. मी तीन फेऱ्या करतो; तिसऱ्या फेरीत पातळी हलली नाही तर हवा निघाली. आणि सुरू करण्याआधी लोडशेडिंगची वेळ विचारून घ्या. पाचव्या मिनिटाला लाइट गेली तर चार्जर बंद, बॅटरी बसली आणि सकाळ वाया. माझी गेली आहे.

पंपाचं वय विचारायलाच हवं. लाखभर किलोमीटरनंतर तो कधी जाईल याचा नेम नाही. आधी आवाज नाही, गळती नाही, थेट लाल दिवा. मागच्या मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि गाडी घेतल्याबरोबर पंप, थर्मोस्टॅट दोन्ही एकत्र बदला. एक बदलून दुसरा ठेवणं म्हणजे सारं पाणी पुन्हा काढायची तयारी. पंपाचे बोल्ट ॲल्युमिनियमचे आणि एकदाच वापरायचे असतात. मिस्त्री जुनेच कसायला लागला तर थांबवा. पंप घेताना पिअरबर्ग या मूळ पंप बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातला घ्या. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या पंपाचं नाव मी विचारतसुद्धा नाही.

तापमान कळणार कसं? या गाडीला पाण्याच्या तापमानाचा काटाच दिलेला नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा ओबीडी रीडर घ्या. पहिल्यांदा १०८ अंश पाहून मी बाभळीखाली गाडी लावून अर्धा तास घाम पुसत बसलो होतो. तसं करू नका. हे इंजिन मुद्दाम गरम चालतं: हळू चालताना ११२पर्यंत, नेहमीच्या चालीत १०५च्या आसपास, जोर पडला की ९५ किंवा त्याहून खाली. आकडा सरळ रस्त्यावर चढतच राहिला, ११५च्या पुढं गेला आणि गाडी बंद केल्यावर फॅन विमानासारखा घोंगावत राहिला तर मात्र बाजूला घ्या.

आणि रेडिएटर बाहेरूनही साफ पाहिजे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात आणि रस्त्यावर पांढरे पुंजके उडत असतात. ते एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात, वरून दिसत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी ती फट उघडून आतून बाहेर, कमी दाबानं पाणी मारून घ्या. पेट्रोल पंपावरच्या वॉशिंगचा फवारा मारू नका, पत्र्या वाकतात.

रस्त्यात लाल दिवा लागलाच तर इंजिन बंद करा आणि थांबा. "घर तं दोन किलोमीटर राह्यलं" या दोन किलोमीटरमध्येच ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. हापशीला हात लावू नका. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतही आणू नका, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मागची चाकं फिरवत ओढला तर पाण्याचं दुखणं गिअरपर्यंत जातं. गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेड, बोलवा, अकोल्याहून आला तरी परवडतो.

बाकीचं

टायर: कंपनीचे रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) असतील तर डिक्कीत स्टेपनी नसते. खडीच्या रस्त्यावर त्यांच्या बाजूला फुगे येतात. मी साधे टायर टाकले आणि डिक्कीत हवेचा पंप व पंक्चर किट ठेवलं.

पेट्रोल: पंपावर आता साधं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

पहिली चक्कर

पाणी भरून झालं की लगेच नागपूरला निघू नका. गावापासून दहा किलोमीटर जा, परत या, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी थंड असताना पातळी बघा. बोटभर कमी असेल तर भरा. त्याहून कमी असेल तर गळती शोधा, पुढं जाऊ नका. दोन सकाळ पातळी टिकली की अमरावती-अकोला हायवेवर न्या. २०२२च्या जूनमध्ये या रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा साडेचार रात्रंदिवसही न लागता, १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला होता. त्याआधी याच रस्त्यानं माझे दोन शॉकअप खाल्ले. आता एसी लावून, रीडरकडे नजर ठेवून तासभर एका चालीत चालवा.

आकडा १०५च्या आसपास डोलत राहिला की उरलेल्या मिश्रणाची बाटली डिक्कीत ठेवा आणि झाकण उघडलं ती तारीख तिच्यावर मार्करनं लिहून टाका.