छिन्नीला पाणी दिल्यावर टेम्पर कसं करायचं

लालबुंद छिन्नी तेलात बुडवली (यालाच पाणी देणं म्हणतात) की झालं असं नाही, ती आता काचेसारखी ठिसूळ असते, पहिल्याच घावाला टवका उडेल. म्हणून टेम्पर करायची, म्हणजे परत थोडी गरम करून ठिसूळपणा कमी करायचा. आधी धारेवर कानस फिरवून बघा, नुसती सटकली म्हणजे कडकपणा आलाय. मग पॉलिश पेपरने एक बाजू चकचकीत करा, नाहीतर तापताना येणारा रंग दिसणारच नाही, आणि गरम करायची ती मागून, धारेकडून अजिबात नाही. रंग हळूहळू पुढे सरकतो, फिकट पिवळा (साधारण २२० डिग्री), तपकिरी, जांभळा, ३०० च्या आसपास निळा. सुताराच्या पटाशीला पिवळा बास, लोखंड तोडायचं असेल तर जांभळा धारेपर्यंत येऊ द्या आणि आला रे आला की लगेच पाण्यात. हे साध्या कार्बन स्टीलचं हं, स्टेनलेसला हे रंग जुळत नाहीत. निळ्याच्याही पुढे गेलं तर धार मऊ पडते, मग परत लाल करून पाणी द्या.