कॉलेज रेडिओचा इतिहास लिहायचाय? मग आधी कपाटं उघडा

विद्यार्थी चालवतात त्या रेडिओचा इतिहास लिहायला बसलं की बहुतेक मुलं आधी उद्घाटनाचे फोटो शोधतात. ते कॉलेजच्या मॅगझिनमध्ये मिळतील, त्याची घाई नाही. घाई रेकॉर्डिंगची आहे, कारण दर तीन वर्षांनी अख्खी टीम बदलते आणि जाणाऱ्या बॅचसोबत पेन ड्राइव्ह पण घरी जातो. त्यात कम्युनिटी रेडिओच्या (कॉलेजची स्टेशनं यातच मोडतात) सरकारी नियमात प्रोग्राम प्रसारणानंतर तीन महिनेच जपून ठेवायची सक्ती आहे, मग हार्ड डिस्क भरली की जुनं पुसलं जातं.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात फक्त गोळा करा. क्यू शीट (कार्यक्रमात काय कधी वाजवायचं त्याची यादी), स्क्रिप्ट, ड्युटी रजिस्टर, सगळं. खाडाखोड केलेली स्क्रिप्ट तर मुळीच टाकू नका, काय कापलं आणि कुणी कापलं हे तिथेच कळतं.

जुन्या कॅसेट सापडल्या तर मात्र दमाने घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत टेपवर बुरशी येते, पांढरट डाग दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे प्लेयरमध्ये, घालूच नका, बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ती जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे आधी तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डिंग सुरू होऊन जुना आवाज जाणार नाही. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, आणि डेकच्या लाइन आउटमधून थेट कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका प्लीज. मूळ फाइल वेव्ह (WAV) या न दाबलेल्या फॉरमॅटमध्येच ठेवा, ऐकवायला वेगळी एमपीथ्री बनवा. मधला खोकला, हसणं, "चालू झालं का रे?" हे पण राहू द्या, त्या खोलीचा खरा आवाज तोच आहे.

मग तारखांचा तक्ता करा, आठवणी तपासायला तो लागतोच. मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच शहरात जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक झाली. तरुण मुलांनी रेडिओ चालवायची गोष्ट मुंबईत इतकी जुनी आहे, हे प्रस्तावनेत यायलाच हवं. पण शिक्षणसंस्थांना स्वतःचं एफएम स्टेशन काढायची वाट सरकारने डिसेंबर २००२ मध्ये मोकळी केली, पहिलं कॅम्पस स्टेशन २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीत आलं, आणि मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पसमधला मस्ट रेडिओ, १०७.८, २००८ चा. म्हणजे कुणी म्हणालं की "आमचं एफएम १९९० ला होतं", तर ते बहुतेक कॅम्पसवरचे लाउडस्पीकर असणार किंवा आकाशवाणीवर मिळालेला स्लॉट. खोडून काढू नका, नेमकं काय होतं ते विचारा, कारण लाउडस्पीकरवरचा कार्यक्रम हा पण तुमच्या स्टेशनचाच इतिहास आहे.

मुलाखतीत "रेडिओने तुम्हाला काय दिलं?" असं विचारलं की भाषण मिळतं. त्यापेक्षा विचारा, स्टुडिओची चावी कुणाकडे असायची, पावसात लोकल बंद पडली की शो कोण उचलायचं, उशिराच्या शिफ्टला मुली थांबायच्या का आणि घरी कशा जायच्या. मराठी शो कुठल्या वेळेला लागायचा हे नक्की विचारा, कुणाच्या बोलण्याला किंमत होती ते त्यावरून समजतं, आणि मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टेशन डिरेक्टरच्या आधी टेक्निशियन आणि शिपाई काकांकडे जा. मुलं तीन वर्षांत गेली, ते तिथेच होते, कुठल्या बॅचने काय मोडलं आणि काय दुरुस्त केलं हे त्यांना तोंडपाठ असतं.

एक नियम लक्षात ठेवून जुनी वेळापत्रकं वाचा: कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, हवामान, ट्रॅफिक, परीक्षा, ॲडमिशन अशी माहिती चालते. मुलांनी मोहल्ल्यातला पाण्याचा प्रश्न कसा मांडला असेल ते मग त्या साध्या दिसणाऱ्या "माहिती" स्लॉटमध्ये शोधावं लागतं.

प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या, फाइलच्या नावात तारीख, प्रोग्राम आणि बोलणाऱ्याचं नाव टाका. एक कॉपी लायब्ररीत, एक डिपार्टमेंटमध्ये आणि एक कॉलेजच्या बाहेर ठेवा, आणि पुढच्या बॅचच्या दोघांना ती कुठे आहे हे स्वतः नेऊन दाखवा.