बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचा तोल कसा तपासावा

उभे राहताना शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेते: डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून, आणि तळपाय व घोट्यांतून मज्जारज्जूमार्गे वर जाणाऱ्या स्थितीच्या जाणिवेकडून. ही माहिती मेंदू जुळवतो आणि स्नायू त्याप्रमाणे सावरतात. त्यामुळे ‘तोल जातो’ या एकाच तक्रारीमागे निरनिराळे बिघाड असू शकतात, आणि रुग्ण पडण्याची शक्यता किती एवढे सांगणारी तपासणी अपुरी ठरते. यांपैकी कोणता आधार खचला आहे, हेही तिच्यातून समजले पाहिजे.

सुरुवात विचारपूस करून करावी. ‘चक्कर येते’ हे उत्तर तसेच लिहून घेऊ नये. भोवतालचे गरगरते, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोके शांत असूनही चालताना झोक जातो, हे रुग्णाच्याच शब्दांत विचारावे. गरगरणे बहुधा आतल्या कानाकडे बोट दाखवते. अंधारी येत असल्यास रुग्णाला पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा; वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तोलाच्या चाचण्यांआधी औषधांची यादी पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

चाचण्या भिंतीजवळ, कोरड्या फरशीवर घ्याव्यात. तपासणाऱ्याने रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे, हात लावल्याशिवाय पण हाताच्या अंतरावर उभे राहावे. नऊवारीचा किंवा धोतराचा सोगा पायात येत नाही ना, हे आधी पाहावे.

पहिली चाचणी रोमबर्ग यांची. बर्लिनच्या मोरित्झ रोमबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात मज्जारज्जूच्या विकारात हे लक्षण वर्णिले, आणि आजही सर्वाधिक चुका याच चाचणीत होतात. रुग्णाने पावले जुळवून, हात बाजूला सोडून, प्रथम डोळे उघडे ठेवून ३० सेकंद उभे राहावे. इथेच तो स्थिर राहू शकत नसेल, तर डोळे मिटवून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. त्याचा दोष लहान मेंदूत किंवा स्नायूंच्या दुर्बलतेत शोधावा. उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेला रुग्ण डोळे मिटताच पडू लागला, तरच चाचणी सकारात्मक, म्हणजे पायांतून येणारी स्थितीची जाणीव खचलेली, मानावी. थोडेसे डोलणे म्हणजे सकारात्मक नव्हे. ‘तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन धरावे लागते’ असे सांगणारा रुग्ण हीच चाचणी रोज सकाळी घरी देत असतो. अशा वेळी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून कंपनाची जाणीव तपासावी, आणि मधुमेह व बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार करावा.

आतल्या कानाचा वाटा पाहण्यासाठी तीच चाचणी फोमवर घ्यावी. शमवे-कुक आणि होराक यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप आहे: घट्ट जमीन आणि फोम, डोळे उघडे आणि मिटलेले, अशा चार स्थिती, प्रत्येकी ३० सेकंद. फोम तळव्यांची माहिती फसवतो आणि मिटलेले डोळे दृष्टीची मदत काढून घेतात, तेव्हा उरतो तो कान. जो केवळ या चौथ्या स्थितीत पडू लागतो, त्याच्या आतल्या कानाची तपासणी व्हायला हवी. गादीचा मऊ फोम पायाखाली दबून जमिनीला टेकतो, म्हणून घट्ट आणि जाड फोम निवडावा.

चालण्यातला तोल पाहायला खुर्ची, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच पुरतात. रुग्णाने खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने ३ मीटर जावे, वळावे, परत येऊन बसावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनानुसार, १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका मानतात. मला मात्र सेकंदांपेक्षा वळण अधिक सांगून जाते: दोन-तीन पावलांत सहज वळतो, की जागच्या जागी बारीक पावले टाकत वळतो? उठताना हातांचा जोर लावतो का, बसताना धपकन पडतो का, हेही टिपावे.

पार्किन्सनचा संशय असल्यास पाठीमागून खांदे ओढण्याची चाचणी घ्यावी. आधी समजावून सांगून एकदा हलकेच ओढून पाहावे, मग एकदाच झटकन, जोराने ओढावे. एक-दोन पावले मागे टाकून सावरणे सामान्य आहे. पाऊलच न टाकता ओंडक्यासारखा कोसळणारा रुग्ण झेलता आला पाहिजे, म्हणून आपल्या मागे भिंत आणि वजनदार रुग्णासाठी सोबत मदतनीस असावा. मागे जागा नसेल तर ही चाचणी पुढे ढकलावी.

सविस्तर गुणांकन हवे असल्यास १४ कृतींचे, ५६ गुणांचे बर्ग मापन उपलब्ध आहे. त्याला वेळ लागतो, आणि तरुण रुग्ण त्यात पूर्ण गुण मिळवूनही तक्रार घेऊन परततो.

नोंदीत वेळेबरोबर काठी होती का, चष्मा होता का, पायांत काय होते, खुर्चीला हात होते का आणि पार्किन्सनचे औषध किती वाजता घेतले होते, हेही लिहावे. पुढच्या भेटीत या सगळ्या गोष्टी तशाच ठेवून चाचणी घ्यावी. त्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये.