बिलिंग काउंटरवर अपडेट आलं की होणाऱ्या चुका

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे अपडेट सोडतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. बुधवारी सकाळी दुकान उघडून पीसी चालू केला की गिऱ्हाइकाच्या आधी अपडेट हजर. मग थर्मल प्रिंटर मुका होतो, काट्यावरचं वजन स्क्रीनवर उमटत नाही आणि मालक बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो : "काल तर चालू होतं!" काल चालूच होतं. बिचाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो.

अपडेट कायमचं बंद करून टाकणं

एकदा त्रास झाला की ओळखीचा कुणीतरी येऊन अपडेटची सर्व्हिसच बंद करून जातो. पहिली गोष्ट, विंडोज ती अनेकदा आपणहून पुन्हा चालू करतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, १४ मार्चला आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या पीसीत त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही.

पण आल्या दिवशी टाकायची घाईही नको. ९ मार्च २०२१ च्या विंडोज १० अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की स्क्रीन निळी पडून पीसी बंद होत होता. दुरुस्तीचं अपडेट आलं १५ मार्चला. जो आठवडाभर थांबला त्याला यातलं काही कळलंही नाही. म्हणून सेटिंगमधलं 'पॉज अपडेट्स' वापरा. ते होम आवृत्तीतही असतं आणि एका वेळी ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं. आठवडाभर थांबा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पॉज काढून अपडेट स्वतः चालवा, चाचणीपुरतं एक बिल छापा, काट्यावर काहीतरी ठेवून बघा. दोन काउंटर असतील तर दोन्हींवर एकाच दिवशी नको. 'ॲक्टिव्ह अवर्स'ही दुकानाच्या वेळेनुसार लावा, मात्र त्याने फक्त भलत्या वेळचं रीस्टार्ट टळतं, अपडेट टळत नाही.

काट्याच्या केबलकडे दुर्लक्ष

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात. काटा, भुईकाटा, जुना बारकोड स्कॅनर यांची वायर बहुधा सिरियल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची असते आणि ती पीसीला यूएसबी कन्व्हर्टरने जोडलेली असते. त्या कन्व्हर्टरमध्ये एक चिप असते, आणि स्वस्तातल्या केबलमध्ये ती पुष्कळदा नक्कल केलेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये अशा चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र वापरता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य केला. त्या केबल मग दुसऱ्या पीसीवरही ओळखल्या जाईनात. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकली माल विकणाऱ्याला शिक्षा म्हणून बेसावध दुकानदाराची केबल मारायची, हा न्याय मला तरी पटत नाही.

अशाच कन्व्हर्टरमधल्या, प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ चिपचं दुखणं अजून चालू आहे. नवा ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपा नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत) पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' दिसतो. विंडोज ११ वर तर ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला भेटा, असंच नावाच्या जागी लिहून येतं. अशा वेळी 'पोर्ट्स'खालच्या त्या ओळीवर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटण फिकट असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून यादी उघडून जुनी आवृत्ती निवडा. हे तात्पुरतं झालं, पुढच्या अपडेटला तेच पुन्हा होऊ शकतं. काही शे रुपयांची सध्याच्या चिपची केबल घ्या, आणि एक जादाची गल्ल्यात टाकून ठेवा. विंडोज प्रो असेल तर अपडेटसोबत ड्रायव्हर येऊच नयेत अशी सोय ग्रुप पॉलिसी या त्यातल्या खास सेटिंगमध्ये आहे.

केबल ओळखली गेली तरी वजन येत नसेल, तर कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या जोडणीला दिलेला, नंबर बघा. बिलिंगमध्ये कॉम ३ लिहिलेलं असतं आणि काटा जाऊन बसलेला असतो कॉम ५ वर.

प्रिंटर काढून पुन्हा टाकणं

बऱ्याचदा गरजच नसते. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'पोर्ट्स'मध्ये यूएसबी००१ च्या जागी यूएसबी००२ झालंय का ते आधी पाहा, खूण बदला, झालं. यादीत त्याच प्रिंटरच्या नावापुढे 'कॉपी १' दिसत असेल तर बिल जुन्या नावावर जातंय. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंदच ठेवा, नाहीतर एकदा ए४ वर काही छापलं की पुढचं बिलही तिकडेच निघतं.

शटर ओढताना मेन स्विच

'अपडेट अँड शट डाउन' दाबायचं आणि दोन मिनिटांत दुकानाचा मेन स्विच पाडायचा, ही आपल्याकडची खास चूक. अपडेट अर्ध्यात तुटलं तर विंडोज पुन्हा उठेलच असं नाही. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या फर्मवेअरचं (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट अर्ध्यात तुटलं तर ते यंत्र बहुधा कायमचं जातं. वेळ नसेल तर नुसतं 'शट डाउन' निवडा.

बॅकअपशिवाय टॅलीची नवी आवृत्ती

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एकदा डेटा मायग्रेट झाला (नव्या रूपात बदलला) की तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आधी पूर्ण बॅकअप पेन ड्राइव्हवर, मग अपडेट. सीएकडे कोणती आवृत्ती आहे तेही विचारून घ्या. आणि टीएसएसची (टॅलीची नवी आवृत्ती मिळण्यासाठीच्या वर्गणीची) मुदत संपलेली असताना नवी आवृत्ती टाकू नका. परवाना लागू न होता टॅली एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या वापरात) गेलं, तर महिन्याच्या मोजक्या तारखांखेरीज व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, पडत नाही.

"विंडोज ११ टाकून देतो" याला लगेच हो म्हणणं

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे, जुन्या विंडोजसारखा त्याचा ३२ बिटचा प्रकार नाही. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रोत बनलेलं जुनं बिलिंग त्यावर थेट चालणार नाही, आणि ज्या यंत्राचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे ते यंत्रही नाही. ६४ बिटच्या विंडोज १० वरून रीतसर अपग्रेड केलं असेल तर दहा दिवस 'गो बॅक' करता येतं, अट एवढीच की त्या काळात डिस्क साफ करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फायली उडवू नका. ३२ बिटवरून जाताना मात्र सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, तिथे परतीची वाट नाही. अशा जुन्या बिलिंगसाठी तो पीसी आहे तसाच ठेवा, त्याची इंटरनेटची वायर काढा, वाय-फायही बंद करा आणि जीएसटीचं, बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर न्या.