गोष्टीतून गणित शिकवताना या चुका टाळा

बी.एस्सी.च्या वर्गात कॉशी-आबेलची गोष्ट (एका गणितज्ञाच्या विधानातली चूक दुसऱ्याने दाखवल्याची) रंगते. पुढच्या तासाला युनिफॉर्म कन्व्हर्जन्स (प्रत्येक बिंदूला तेवढीच पदं पुरणं) म्हणजे काय विचारलं, की पोट्टे खाली बघतात. गोष्टीत गणित कुठे अडलंच नाही, तर ते लक्षात तरी का राहावं?

पहिली चूक म्हणजे शेवट आधीच सांगून टाकणं. ‘कॉशी चुकला, आबेलने चूक पकडली’ म्हटलं की शोधायला काही उरत नाही. त्याऐवजी कॉशीचं १८२१ चं विधान फळ्यावर लिहा: कंटिन्युअस (कुठेही न तुटणाऱ्या) फलनांची श्रेणी कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे तिची बेरीज ठराविक किमतीकडे जात असेल, तर बेरीजही कंटिन्युअस. सिद्धता वर्गाकडूनच काढून घ्या. बहुतेकांना ती पटतेही. मग आबेलने १८२६ मध्ये दिलेलं उदाहरण घ्या: साइन क्ष − (साइन २क्ष)/२ + (साइन ३क्ष)/३ − …

क्ष = पाय ठेवला तर प्रत्येक पद शून्य, बेरीजही शून्य. पायच्या अलीकडे मात्र बेरीज क्ष/२ आहे. आता कॅल्क्युलेटरवर दहा पदं मिळवायला सांगा. क्ष = ३ ला साधारण १.२५ येतं, यायला हवं १.५. क्ष = ३.१ ला जेमतेम ०.४१, हवं १.५५. ‘मग किती पदं घ्यायची?’ हा प्रश्न वर्गातून येईपर्यंत थांबा, युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची व्याख्या त्यानंतर. कुणाचं उत्तर शून्याजवळ घुटमळत असेल तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे, रेडियनवर घ्या.

दुसरी चूक दंतकथेला इतिहास म्हणण्याची. घटिकापात्रात मोती पडला नि भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात येते. मूळ ग्रंथ, भास्कराचार्यांचा ‘लीलावती’, ११५० चा. सांगा खुशाल, पण दंतकथा म्हणून. पुरावाच हवा तर चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद.

क्रमाचा गोंधळ वेगळाच. अभ्यासक्रमात लिमिट आधी, इतिहासात सगळ्यात शेवटी. गोष्ट सुरू करण्याआधी हे एका वाक्यात सांगा.

नागपुरात हमखास होणारी चूक म्हणजे झीरो माइलचा (सर्वेक्षणाच्या दगडी स्तंभाचा) फोटो दाखवून त्रिकोणमिती उरकणं. भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला; वर्गात तिकडचा एखादा मुलगा असतोच. पण त्याच्या मृत्यूवर थांबू नका. पृथ्वीच्या गोलावर ४० किमी बाजूचा समभुज त्रिकोण द्या: क्षेत्रफळ सुमारे ६९३ चौ. किमी. त्याला पृथ्वीच्या त्रिज्येच्या (६३७१ किमी) वर्गाने भागा, २,०६,२६५ ने (एका रेडियनमधल्या विकलांनी; विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) गुणा. कोनांची बेरीज १८०° पेक्षा साडेतीन विकला जास्त भरते. वर्गाला झीरो माइलवर नेणार असाल तर हे आधी वर्गातच करून घ्या, तिथे ट्रॅफिकमध्ये शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही.