विमानाच्या लँडिंग गिअरचे (चाकं आणि त्यांच्या आधाराचे) बोल्ट आवळताना या चुका टाळा

शिकाऊ पोरं हँगरमध्ये आली की पहिल्याच आठवड्यात ऐकू येतं, "सर, मस्त घट्ट बसलाय, हलतसुद्धा नाही." घट्ट बसलेला बोल्ट बरोबर आवळलेला असतोच असं नाही. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भाग दाबून धरतो. टॉर्क म्हणजे नट फिरवण्याचा पीळ, आणि तो मोजणाऱ्या टॉर्क रेंचवरचा आकडा म्हणजे त्या ताणाचा अंदाज. आपल्या जोरातला साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो, म्हणून घर्षण बदललं की अंदाज कोलमडतो.

याच कारणाने आट्यांना तेल लावलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. एका फ्लाइंग स्कूलच्या सेसना १७२ या छोट्या विमानाचं टायर बदललं होतं. पोरगा कामसू. चाकाचे बोल्ट रॉकेलने धुतले, गंज धरू नये म्हणून इंजिन ऑइलचं बोट फिरवलं आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कला आवळले. ठरलेला टॉर्क आला की रेंच 'क्लिक' करतो, तरी वर खात्रीसाठी प्रत्येक नटाला आणखी दोन 'क्लिक'. काही दिवसांनी उड्डाणापूर्वीच्या तपासणीत एका विद्यार्थिनीला चाकावरच्या फेअरिंगमध्ये (आवरणात) बोल्टचं तुटलेलं डोकं सापडलं. तिने वाकून पाहिलं नसतं तर ते विमान तसंच धावपट्टीवर गेलं असतं. बाकीचे बोल्ट काढले, तर एकावर नवा नट निम्म्यातच अडकत होता. आटे ताणले गेले होते. तो सगळा संच मी त्याच दिवशी फेकून दिला.

टॉर्क कोरडा की तेलाचा, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच चाकांवर तर पट्टीच चिकटवलेली असते. ती पुसून वाचा. मॅन्युअल गप्प असेल तेव्हाच एफएए या अमेरिकी विमान नियामकाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेतला तक्ता उघडा. त्यात पाव इंची एएन४ बोल्टला साध्या नटाने ५० ते ७० इंच-पाउंड आणि शिअर नटाने (आडवा भार घेणाऱ्या बोल्टचा पातळ नट) ३० ते ४० दिलेत, तेही स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी. सेल्फ-लॉकिंग नट (आपोआप सैल न होणारा) असेल तर तो मोकळा फिरवायला लागणारा टॉर्क आधी मोजा आणि वर मिळवा. हातातला रेंच कुठल्या मापाचा, हे मी दर वेळी मोठ्याने म्हणतो. १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड, १ न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास ८.८५ इंच-पाउंड. आणि क्लिक एकदाच. दुसऱ्या क्लिकने खात्री वाढत नाही, टॉर्क वाढतो.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे खाचांचा कॅसल नट. टॉर्क झाला, पण नट फिरू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं बोल्टमधलं भोक खाचेसमोर येत नाही, म्हणून नट पाव फेरा मागे. हे करू नका. मी खालच्या मर्यादेपासून सुरू करतो आणि वरच्या मर्यादेच्या आत पुढची खाच जुळते का बघतो. नाही जुळली तर नट काढून वॉशर बदलतो. जाड आणि पातळ एएन९६० वॉशरची डबी माझ्या खिशातच असते. काम पाच मिनिटांचं आहे, पण तेवढा धीर धरायचा नसेल तर गिअरला हात लावू नका.

गोंधळ होतो तो चाकाच्या ॲक्सल नटाने. सेसना १७२ वर तो बेअरिंगसाठी असतो, दोन भाग दाबून धरायला नव्हे. चाक हाताने फिरवत तो आवळायचा, किंचित अडखळ जाणवली की जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा आणि पिन घालायची. इथे मागे घेणं बरोबर, बाकीच्या ठिकाणी चूक. एकाचा नियम दुसऱ्याला लावलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता पोरांकडून दोन्ही नट शेजारी ठेवून समजावून घेतो.

बाकीचं थोडक्यात. चाकाचे बोल्ट सैल करण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढा, नाहीतर चाकाचे दोन अर्धे उसळून तोंडावर येतील. जुना सेल्फ-लॉकिंग नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर टाकून द्या. शक्य असेल तिथे बोल्टचं डोकं धरून नट फिरवा. रेंचला सरळ रेषेत जोडणी लावली तर आकडा नव्याने काढा. टॉर्क रेंचने नट सोडवू नका. टॉर्कची खूण म्हणून रंगाची रेघ आवळून झाल्यावरच ओढा, मी तर जेवणाच्या सुट्टीआधी अर्धवट कामावर रेघ ओढूच देत नाही.

नाकाचं चाक थरथरतं म्हणून टॉर्क लिंकचे (चाक सरळ ठेवणाऱ्या बिजागरीसारख्या जोडाचे) बोल्ट आणखी आवळणारेही भेटतात. बुश (जोडातल्या नळ्या) झिजलेत का, थरथर शोषणाऱ्या शिमी डॅम्परमध्ये तेल आहे का, टायर बॅलन्स आहे का, हे आधी बघा. बोल्ट पिळून झिजलेला बुश भरून येत नाही.