बाहुलीचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर: दारं उघडताना आणि कपडे पारखताना या चुका टाळा

चोवीस दारांचा पुठ्ठ्याचा डबा, नाताळपर्यंत रोज एक दार उघडायचं, आणि दर दारामागे बाहुलीसाठी काहीतरी चिमुकलं: कधी झगा, कधी बुटांची जोडी, कधी पर्स. अशा कॅलेंडरबद्दल जी नाराजी कानावर येते, त्यातली बरीचशी घाईतून आलेली असते. दार ओरबाडून उघडायचं, कपडा समोरून एकदा बघायचा, नाक मुरडायचं आणि बाजूला टाकायचं. बाहुलीच्या कपड्याची खरी परीक्षा त्याच्या पाठीला आणि आतल्या शिवणीत असते. तिथे बघितल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

दार नखाने उचकटणं

दाराभोवती टोचे मारलेली रेघ असते. एकच कोपरा नखाने ओढला की पुठ्ठ्याचा वरचा छापील थर सोलून निघतो आणि शेजारच्या दारापर्यंत फाटत जातो. आधी अंगठ्याने चारही कडांवर हलका दाब द्या. रेघ सगळीकडून मोकळी झाली की दार आपोआप सुटतं.

खरं नुकसान होतं ते पुढच्या पायरीला. कपडा बहुधा पुठ्ठ्याला बारीक प्लास्टिकच्या दोऱ्याने अडकवलेला असतो, नव्या कपड्यांच्या लेबलाला असतो तसा. तो हिसका देऊन ओढला की सॅटिनला भोक पडतं, आजूबाजूचे धागे सरकतात आणि ती जागा पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. पुठ्ठा उलटा करा आणि दोरा मागच्या बाजूने, कापडापासून लांब, छोट्या कात्रीने कापा. कापलेला तुकडा शोधून लगेच कचऱ्यात टाका. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बूट, बटणं, पर्स हे सगळं त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. या वस्तू घशात अडकण्याइतक्याच आकाराच्या असतात, इथे हयगय नको.

एकच बूट निघाला म्हणून माल खराब ठरवणं

आतले कप्पे नेहमीच घट्ट बंद नसतात. प्रवासात डबा आडवातिडवा झाला की हलकी वस्तू भिंतीवरून शेजारी घसरते. माझ्याकडे एकदा नवव्या दारातून एकच गुलाबी बूट निघाला. दुसरा सापडला पाच दिवसांनी, चौदाव्या दारातल्या लोकरी टोपीच्या आत दडून बसलेला. तेव्हा आधी कप्प्यात बोट फिरवा, ट्रे निघत असेल तर त्याच्या मागे बघा आणि शेजारची दारं उघडेपर्यंत थांबा. मात्र डब्याच्या मागे वस्तूंची यादी छापलेली असेल तर रोज तिच्यावर खूण करत जा, आणि वस्तू परत करायची मुदत कधी संपते ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. चोवीस तारखेला कमतरता कळून फारसा उपयोग नसतो.

तारखांचाही एक घोळ होतो. अ‍ॅडव्हेंटचा, म्हणजे नाताळच्या तयारीचा, काळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे वर्षानुसार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीही. चोवीस दारांचं कॅलेंडर मात्र 1 डिसेंबरलाच सुरू करायचं असतं.

एकेका दाराचा वेगळा निकाल लावणं

तिसऱ्या दारात नुसता स्कर्ट निघाला आणि अकराव्यात त्याचा ब्लाउज, असं हमखास होतं. सुटा स्कर्ट बघून "एवढंच?" वाटणं साहजिक आहे. पण पोशाख वाटून ठेवलेला असतो, त्यामुळे रंग आणि छपाई लक्षात ठेवून जोड्या जुळवत जा. मी निघालेला प्रत्येक कपडा दाराच्या आकड्यासकट एका पांढऱ्या कागदावर ओळीने मांडते. पंधराव्या दिवसाच्या आसपास एकूण संच कसा होणार हे दिसायला लागतं, आणि आधी फिका वाटलेला जाकीट तीन झग्यांवर शोभतोय हेही कळतं.

माणसाच्या कपड्याचे निकष लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. साडेअकरा इंची, म्हणजे सुमारे 29 सेंटिमीटर उंचीची फॅशन बाहुली साधारण एकास सहा या प्रमाणात असते. बाहुली सहापट लहान होते, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहते. अर्धा सेंटिमीटर दुमडलेला काठ तिच्या अंगावर तीन सेंटिमीटरच्या पट्टीसारखा दिसतो. म्हणून काठाला एकच दुमड असणं किंवा नेटच्या झालरीचा काठ नुसताच कापलेला असणं हा दोष नव्हे. नेटचे धागे सुटत नाहीत, उलट तिथे दुमड घातली तर झालर ताठ उभी राहते.

छपाईलाही हेच लागू. एक सेंटिमीटरचं फूल तिच्या झग्यावर सहा सेंटिमीटरचं भासतं. कापडावरची नक्षी प्रमाणात बारीक असेल तर निवड करणाऱ्याने विचार केलाय हे ओळखावं.

मग दोष कुठे शोधायचा? कपडा उलटा करा. मुंढ्याची आणि कमरेची शिवण दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून हलकेच ताणा. टाक्यांच्या फटीतून उजेड दिसला किंवा शिवणीबाहेरचं कापड दोन मिलिमीटरपेक्षाही कमी सोडलेलं असलं, तर ती जागा चार-पाच वेळा घातल्या-काढल्यावर उसवणार. सॅटिन आतून इंटरलॉक केलेलं नसेल तर धागे निघतातच. कडेला धागे पकडून ठेवणारं द्रव्य टाचणीच्या टोकाने लावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपडा बाहुलीला घालू नका.

पाठीचं वेलक्रो नीट बघा. त्याची खरखरीत बाजू मऊ बाजूच्या बाहेर डोकावत असेल तर ती बाहुलीचे केस ओढणार आणि शेजारच्या नेटच्या झग्याचे धागे उपसणार. ठेवताना वेलक्रो नेहमी बंद करूनच ठेवा. फारच जाड असेल तर ते काढून तिथे सगळ्यात लहान टिचबटण लावा, पाठीचा फुगवटा लगेच जातो.

जुन्या कपड्यांशी तुलना करणारेही भेटतात. 1959 साली बार्बी आली तेव्हा तिचे पोशाख शार्लट जॉन्सन यांनी आखले होते आणि ते जपानमध्ये शिवले जात. त्यांत अस्तर असे, इवल्याशा झिपा असत. ते कपडे एकेक पोशाख म्हणून विकले जात. चोवीस वस्तूंतल्या एका वस्तूकडून तीच अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

कपडा बसत नाही म्हणून जोर करणं

बसत नसेल तर आधी बाहुली तपासा. 2016 मध्ये बार्बीच्या उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्या आल्या. मूळ बांध्यासाठी शिवलेला झगा भरल्या अंगाच्या बाहुलीच्या पाठीवर मिटत नाही, आणि तो कपड्याचा दोष नाही. कॅलेंडरमध्येच बाहुली असेल तर माप तिच्यावरच घ्या.

बाही अडकत असेल तर बोटं पसरलेला हात तसाच घुसवू नका, अंगठा शिवणीत अडकून टाके तुटतात. हाताला पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, बाही घसरत वर जाते, मग पट्टी ओढून काढा. पँटसाठीही हेच करा. झगा शक्यतो पायांकडून चढवा आणि त्याआधी केस कागदाच्या पट्टीत गुंडाळा.

गडद कपडा अंगावर तसाच ठेवणं

लाल, काळा, गडद निळा, जांभळा या रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका, कपड्याचा रंग बाहुलीच्या अंगाला लागतो. पांढरं सुती फडकं किंचित ओलं करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट घासा. फडक्यावर रंग उतरला तर तो कपडा फोटोपुरता घाला आणि काढून ठेवा, किंवा आत पांढरं पातळ अस्तर द्या. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पॉलिएस्टरवर त्याचा उपयोग होत नाही. थंड पाण्यात सौम्य साबणाने दोन-तीनदा खळबळून सुटा रंग काढणं हाच खरा उपाय.

डाग पडलाच तर घासत बसू नका. रंग बाहुलीच्या अंगाच्या प्लास्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या, आत मुरलेला असतो, साबण वरच्यावरच राहतो. संग्राहक मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त डागावर लावून बाहुली काही दिवस उजेडात ठेवतात. डाग फिका होतो, पण आजूबाजूचा मूळ रंगही उडू शकतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी थोडं लावून बघा. रंगवलेल्या चेहऱ्याला ते मलम कधीच लावू नका.

चोवीस तारखेनंतर सगळं एका पिशवीत कोंबणं

बाहुलीच्या अंगावरचे कपडे काढा. धातूचे कानातले असतील तर तेही काढा. जुन्या बार्बींचे कान हिरवे पडले ते धातूच्या कानातल्यांमुळेच. कपडे घडी न पाडता पांढऱ्या कागदात सैल गुंडाळा. मऊ प्लास्टिकचे बूट आणि पर्स मात्र कागदी पाकिटात वेगवेगळे ठेवा. मऊ प्लास्टिक दुसऱ्या प्लास्टिकला महिनोन्महिने टेकून राहिलं की चिकट होतं आणि त्याला डसून बसतं, मग बूट सोडवताना त्याचा तळवाच मागे राहतो.